रोजच्या जेवणासोबत नाशिकची शेनिन ब्लां

नित्याच्या भोजनासमवेत घेण्याजोगी, रुचकर आणि खिशाला परवडणारी वाइन कोणती, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना मी निःशंकपणे नाशिकच्या शेनिन ब्लांची शिफारस करीन. मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील ही द्राक्षजात नाशिकच्या भूमीत उत्तम रुजली असून, तिचा रस ओकच्या खर्चिक पिंपांत दीर्घकाळ मुरवीत न ठेवता पोलादी टाक्यांत नियंत्रित तापमानावर आंबवून थोड्याच महिन्यांत बाटलीबंद करता येतो, आणि तिच्या माफक किमतीचे एक प्रमुख कारण हेच होय. परदेशी बाटलीवर जकातीचा जो बोजा चढतो, त्यातूनही ती मुक्त आहे. शिवाय राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून या व्यवसायास ज्या सवलती दिल्या, त्यांचे श्रेयही मान्य केले पाहिजे.

खरेदीच्या वेळी लेबलावरील सालाकडे अवश्य पाहावे, कारण हिवाळ्याच्या अखेरीस तोडणी होणाऱ्या या द्राक्षांचा टवटवीतपणा वर्ष-दोन वर्षांतच उपभोगावयाचा असतो. बहुधा किंचित गोडसर असल्याने ती कोळंबीच्या तिखट कालवणाशी आणि, माझ्या मते त्याहूनही अधिक, खमंग कोथिंबीरवडीशी सुरेख जुळते. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस तिची चव टिकते.