मैदालकडीचा लेप : कुठे चालेल, कुठे नाही

पावसाळ्यात घसरून पडणारे वाढतात आणि काष्ठौषधीच्या दुकानात मैदालकडीची मागणीही वाढते. आंबेहळद, रक्तबोळ आणि मैदालकडीचा लेप ठाऊक नाही असे घर उल्हासनगर-अंबरनाथकडे विरळाच.

मैदालकडी म्हणजे एका झाडाची साल. दालचिनी, तमालपत्र, कापूर यांच्याच कुळातले हे झाड भारतापासून आग्नेय आशियापर्यंत वाढते. साल भिजली की बुळबुळीत, चिकट होते. म्हणूनच अगरबत्तीचा मसाला काडीला धरून राहावा यासाठी तिची पूड वापरतात. लेपातही ती हेच काम करते. लेप अंगाला चिकटतो, वाळून कडक होतो आणि मुरगळलेल्या सांध्याला थोडा आधार मिळतो. साध्या मुक्या मारावर, कातडी फुटलेली नसेल तर, पातळ लेपाला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती हाड मोडल्याची शंका असताना लेपावर कामट्या करकचून बांधण्याला. मोडलेला भाग पहिले दोन-तीन दिवस सुजतो. बाहेरून पट्टी आवळलेली असेल तर सूज आतल्या आत दाबते, रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. घट्ट पट्टीने हात कायमचा आखडतो, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले आहे. कोपराजवळ हाड मोडलेल्या मुलांना हा धोका अधिक.

माझ्याकडे असाच एक मुलगा चौथ्या दिवशी आला. बोटे थंड, निळसर. आई म्हणाली, "कालपासून दुखायचं थांबलंय, म्हणून आम्ही निर्धास्त होतो." दुखणे थांबले होते ते नसा बधिर झाल्यामुळे! हात वाचला, पण मूठ पुरती वळत नाही.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा :

१) अवयव वाकडा दिसत असेल, भार पेलवत नसेल किंवा सूज वाढत असेल तर आधी एक्स-रे. कॅम्प ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहेच.

२) तोवर फडक्यात बर्फ गुंडाळून शेका. चोळू नका. घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन सैल बांधा.

३) पट्टी असो वा प्लॅस्टर, बोटे थंड, निळी, बधिर झाली किंवा हलवताना असह्य कळ आली, तर पट्टी लगेच सोडा, प्लॅस्टर असेल तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

हाड स्वतःच जुळते. त्याला हवी असते योग्य जागा, विश्रांती आणि वाहते रक्त.