सोमाली व ओरोमो निर्वासितांच्या आरोग्यपोषक परंपरा

आफ्रिकेच्या ईशान्य टोकाकडील, ‘आफ्रिकेचे शिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातून युद्ध, राजकीय छळ व अवर्षण यांमुळे परागंदा झालेल्या सोमाली व ओरोमो समाजांचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य टिकविण्यास साहाय्यभूत झालेल्या कौटुंबिक, धार्मिक व सामाजिक चालीरीती. निर्वासितांच्या आरोग्याचा विचार बहुधा रोग, कुपोषण व मानसिक आघात यांच्या अनुषंगाने केला जातो. तथापि घरदार व गुरेढोरे गमावल्यानंतरही ज्या संस्था व संकेत माणसांजवळ शिल्लक राहतात, त्यांचाही आरोग्याशी निकटचा संबंध असतो.

सोमाली व ओरोमो या दोन्ही भाषा आफ्रो-आशियाई भाषाकुलाच्या कुशितिक शाखेत मोडतात. सोमाली लोक बहुतांशी सुन्नी मुसलमान असून परंपरेने उंट, शेळ्या-मेंढ्या पाळणारे आहेत. ओरोमो हा इथिओपियातील सर्वांत मोठा जनसमूह (२००७ च्या जनगणनेनुसार सु. ३४·५ टक्के) असून त्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि ‘वाका’ या ईश्वरास मानणाऱ्या मूळ धर्माचे अनुयायी आढळतात. इथिओपियातील लष्करी राजवट (१९७४–९१) व ओगादेनचे युद्ध (१९७७-७८) यांमुळे अनेक ओरोमोंनी व ओगादेनमधील सोमालींनी सोमालियात आश्रय घेतला. जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची सत्ता कोसळल्यावर सोमाली लोकांवरही देशत्यागाची वेळ आली. केन्यात दादाब (१९९१) व काकूमा (१९९२) येथे छावण्या उभ्या राहिल्या. २०११ च्या दुष्काळात दादाब येथील लोकसंख्या चार लाखांवर गेली. पुढे अनेकांचे पाश्चात्त्य देशांत पुनर्वसन झाले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात या दोन्ही समाजांच्या मोठ्या वसाहती आहेत.

दोन्ही समाजांत आरोग्य व शांती या कल्पना परस्परांशी निगडित आहेत. सोमाली भाषेत ‘नबद’ (शांती) व ‘आनो’ (दूध) हे शब्द जोडीने उच्चारले जातात. युद्ध व अवर्षण ही त्यांच्या विरोधी जोडी होय. ओरोमो लोक भेटताच परस्परांच्या ‘फय्या’ची (आरोग्य) व ‘नगा’ची (शांती) विचारपूस करतात.

बाळंतिणीची काळजी ही सोमाली परंपरेची विशेष उल्लेखनीय बाजू आहे. प्रसूतीनंतर चाळीस दिवस स्त्री घरात विश्रांती घेते. आई, बहिणी व शेजारणी स्वयंपाक व मोठ्या मुलांची देखभाल पाहतात, घरात सुगंधी धूप जाळला जातो. मुदतीअखेर ‘अफरतनबह’ (शब्दशः ‘चाळिशीतून बाहेर पडणे’) हा समारंभ होतो. महाराष्ट्रातील सव्वा महिन्याच्या बाळंतपणाशी या प्रथेचे साम्य स्पष्ट आहे. अंगावर पाजण्याचा काळ कुराणात दोन वर्षांचा सांगितला असल्याने स्तनपानास धर्माचाही आधार मिळतो. परदेशात एकाकी कुटुंबांत राहणाऱ्या स्त्रियांना नात्यातील स्त्रियांचा हा आधार मिळेनासा होतो आणि ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवते.

परस्परसाहाय्याची आर्थिक अंगेही महत्त्वाची आहेत. सोमाली स्त्रिया ‘हगबद’ किंवा ‘अयूतो’ या नावाने भिशी चालवितात. औषधोपचार, प्रवास वा लहानसा धंदा यांसाठी तिचा उपयोग होतो. इथिओपियातील लोकांत ‘इद्दिर’ ही अंत्यविधीसाठी वर्गणी गोळा करणारी मंडळे प्रचलित आहेत. मृताच्या घरी पैसा, अन्न व सोबत पुरविणे हे त्यांचे काम. अशा मंडळांमुळे शोकाकुल कुटुंब एकटे पडत नाही. ओरोमोंची ‘गुद्दिफचा’ ही दत्तकप्रथा निराधार मुलास कुटुंबात पूर्ण स्थान देते.

ओरोमोंच्या ‘गदा’ या संस्थेत पुरुषांचे वयोगट दर आठ वर्षांनी पुढील श्रेणीत जातात व सत्तांतर होते. २०१६ मध्ये युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. विवाहसमयी आईकडून मुलीस मिळणारी ‘सिंके’ ही काठी विवाहित स्त्रीच्या हक्कांचे प्रतीक असून, अन्याय झाल्यास स्त्रिया ती हाती घेऊन एकत्र येतात. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशयाकाठी होणारा ‘इरेचा’ हा कृतज्ञतेचा उत्सव परदेशस्थ ओरोमोही साजरा करतात. घरोघरी एकत्र बसून कॉफी पिण्याचा विधी दुःख बोलून दाखविण्यास निमित्त पुरवितो.

मानसिक क्लेशांवर सोमाली समाजात कुराणपठण, प्रार्थना व वडीलधाऱ्यांचा सल्ला हे उपाय प्रथम योजले जातात. दादाबच्या छावणीत पुनर्वसनाच्या अनावर ओढीस व तीतून येणाऱ्या विकलतेस ‘बूफिस’ असे नाव पडले. ‘बुरांबुर’ हा स्त्रियांचा काव्यप्रकार सामुदायिक भावनांना वाट करून देतो.

सोमाली लिपी १९७२ मध्ये निश्चित झाली. तोपर्यंत ज्ञान मुख्यतः मौखिक होते. ऐकीव वृत्ताच्या या जलद प्रसाराचा परिणाम दुहेरी असतो. देवीच्या रोगाची जगातील अखेरची नैसर्गिक लागण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का येथील रुग्णालयाचा स्वयंपाकी अली माओ मालिन यास झाली. लस टाळल्याचा स्वतःचा अनुभव सांगून त्याने पुढे पोलिओ लसीकरणाचा प्रचार केला; त्या कार्यात असतानाच २०१३ मध्ये त्याचे निधन झाले. याउलट, गोवराची लस व स्वमग्नता यांचा संबंध जोडणाऱ्या निराधार समजामुळे मिनेसोटातील सोमाली बालकांतील लसीकरणाचे प्रमाण घसरले आणि २०१७ मध्ये तेथे गोवराचे ७५ रुग्ण आढळले, त्यांत बहुसंख्य सोमाली होते. साथ आवरण्यासाठी सोमाली आरोग्यसेवक व इमाम यांचेच साहाय्य घ्यावे लागले.

सर्वच रूढी हितकर नाहीत. २००६ च्या पाहणीत सोमालियातील १५ ते ४९ वयाच्या सु. ९८ टक्के स्त्रियांची सुंता झाल्याचे आढळले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग व कठीण प्रसूती हे तिचे दुष्परिणाम होत. कात (खात) या वनस्पतीची पाने चघळण्याने निद्रानाश व आर्थिक ओढग्रस्तता उद्‌भवते. दोन्ही समाजांतील अनेक स्त्रिया व धर्मज्ञ सुंतेला विरोध करतात. त्यामुळे परंपरेतील पोषक अंश जपणे व घातक अंश त्यागणे ही दोन्ही कामे त्या समाजातील विश्वासू व्यक्तींमार्फतच परिणामकारकपणे होऊ शकतात. दुभाषी, स्त्री-डॉक्टर आणि कुटुंबीयांशी विचारविनिमय यांची व्यवस्था जेथे असते, तेथे हे लोक आधुनिक वैद्यकसेवेचा लाभ अधिक विश्वासाने घेतात.