निषेधाखालची सही

सरकार युद्ध करतं आहे आणि ते आपल्याला मान्य नाही. अशा वेळी साध्या माणसानं करायचं काय? मोर्चा, सभा, घोषणा हे चटकन आठवतं. पण बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला पहिल्यांदा आठवते ती सही. सही नसलेला कागद म्हणजे चिठोरं. खाली नाव आलं, की त्याला वजन येतं. कारण वसुलीला कुणाच्या दारात जायचं ते कळतं. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेत लोकांनी निषेधाच्या नाना तऱ्हा काढल्या. त्यांतल्या माझ्या मनात राहिल्या त्या अशा नावानिशीच्या.

१९६६ साली तिथल्या सरकारनं युद्धखर्चासाठी टेलिफोनवरचा कर पुन्हा १० टक्क्यांवर नेला. काही कुटुंबांनी बिल भरलं, पण कराचे पैसे तेवढे वगळले आणि सोबत कारणाची चिठ्ठी जोडली. रक्कम किरकोळ असायची. करखातं ती खात्यातून वळती करून घेऊ शकत असे आणि घेतही असे. हिशेबानं पाहिलं तर सरकारचं फारसं बिघडलं नाही. पण पैसे मागून घेणं वेगळं आणि ओढून घेणं वेगळं. १९६८ च्या जानेवारीत चारशेहून अधिक लेखक-संपादकांनी, युद्धासाठी येऊ घातलेला अधिभार भरणार नाही, असं वर्तमानपत्रात नावं छापून जाहीर केलं. जेम्स बाल्डविन आणि सुसान सोंटॅग त्यांत होते.

मुष्टियोद्धा महंमद अली याचं नाव २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात पुकारलं गेलं, तेव्हा तो पुढे आला नाही. जगज्जेतेपद गेलं, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली ती १९७१ मध्ये. तिथल्या कायद्यानुसार भरतीचं कार्ड जाळणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. पोरंबाळं, नोकरी, म्हातारे आईवडील असलेल्या माणसाला ही किंमत परवडेलच असं नाही. तो गर्दीत चालला, तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्याकडे याचा वस्तुपाठ त्याआधीच घालून दिला गेला होता. १९३९ मध्ये व्हाइसरॉयनं हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं. पुढच्या वर्षी गांधीजींनी त्यावर उपाय काढला तो वैयक्तिक सत्याग्रहाचा. जमाव नाही, गोंधळ नाही. एकेकट्यानं अधिकाऱ्यांना आगाऊ कळवायचं, ठरल्या जागी युद्धविरोधी भाषण करायचं आणि तुरुंगात जायचं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारला पहिले उभे राहिले विनोबा. पुढे हजारो माणसं याच वाटेनं आत गेली.

यानं युद्ध थांबलं का? लगेच नाही. १५ नोव्हेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये लाखो लोक जमले. तरी अमेरिकी फौजा निघायला १९७३ उजाडलं. पण त्या मोर्च्याच्या आदल्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली होती. चाळीस हजारांवर माणसं थंडीत, रात्रंदिवस, एकामागून एक चालत होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी. व्हाइट हाउससमोर आलं, की पाटीवरचं नाव मोठ्यानं म्हणायचं आणि पुढे जाऊन ती पाटी शवपेटीत ठेवायची. बहुतेक नावं मेलेल्या अमेरिकी सैनिकांची होती. काही मात्र व्हिएतनाममधल्या उद्ध्वस्त गावांची.

पुढे १९८२ मध्ये त्याच शहरात काळ्या दगडाची स्मारकभिंत उभी राहिली. तिच्यावर आज अठ्ठावन्न हजारांवर नावं आहेत, सगळी अमेरिकी. व्हिएतनामी माणसं लाखोंनी मेली, त्यांची नावं त्या भिंतीवर नाहीत. निदान त्या थंडीत, कुणी अनोळखी माणसानं, त्यांच्या गावांचं नाव तरी मोठ्यानं घेतलं होतं.