दहावीनंतर दाखला कुठे? आधी अट वाचा



दहावीचा निकाल लागला, की आमच्या गट ऑफिसात ऊसनोंदीपेक्षा निराळीच गर्दी होते. मागे कुहीकडचे एक सभासद मुलाला घेऊन आले. म्हणाले, "साहेब, पोट्ट्याले कारखान्यात लावून द्या ना जी." मुलगा बी.ए. झालेला, हुशार. त्याला लॅबोरेटरीत केमिस्ट व्हायचे होते. ते दार अकरावीला कला शाखा घेतली त्याच दिवशी बंद झाले, असे आम्हाला सांगावे लागले. पाच वर्षे पैसा लावलेला बाप गप्पच बसला. हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेणे निवडताना आपण जमीन पाहतो, पाण्याच्या पाळ्या मोजतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रान अडवतो, सुरू बारा महिन्यांत मोकळे करतो. शिक्षण किती वर्षे रान अडवणार आणि तोवर घर कशावर चालणार, हा हिशेबही तसाच आधी मांडावा.

साखर तंत्रज्ञ व्हायचे तर कानपूरची नॅशनल शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९३६) किंवा पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५). तिथे जायला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. लागते. म्हणजे दहावीनंतर पाच वर्षे आणि त्यावर तिथला अभ्यासक्रम. वाट लांब आहे खरी. पण देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे प्रमाण गाठले, त्यामुळे डिस्टिलरीतही जाणकार माणूस हवाच आहे.

एवढा दम नसेल तर आय.टी.आय.ला कमी लेखू नका. वेल्डर एक वर्ष, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षे. पुढे १९६१ च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिसशिप, तीत विद्यावेतनही मिळते. गळीत संपले की हंगामी कामगार घरी बसतो. मिल उघडून दुरुस्ती करायला फिटर-वेल्डर मात्र लागतोच. इथे जागा नसली तर बुटीबोरीला हाताला काम मिळू शकते. पॉलिटेक्निक तीन वर्षांचे. मार्क चांगले पडले तर तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

आता कृषी पदविका. आम्ही स्वतः तीच केली. दोन वर्षांत शिकून नोकरीला लागलो, घरी पेढे वाटले. बांधावर वीस वर्षे काढल्यावर वरच्या जागेची जाहिरात निघाली. तीत बी.एस्सी. (कृषी) ही अट, आणि आमचा अर्ज परत आला. राग अटीचा नाही, आम्ही ती सोळाव्या वर्षी विचारली नाही याचा आहे. पदविका वाईट नव्हे. तिच्यावर आमचे घर चालले. पण तिची हद्द ठाऊक हवी. पदवीला बारावी सायन्स, प्रवेश परीक्षा आणि चार वर्षे लागतात. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कॉलेज तर नागपुरातच आहे, १९०६ पासूनचे.

मुलीसाठी मात्र "जवळचे कॉलेज कोणते" एवढेच विचारणारे पुष्कळ भेटतात. लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स पाहायला मुलगा-मुलगी असा भेद नसतो, हो!

फॉर्म भरण्याआधी ज्या जागेवर मुलाची नजर आहे तिची एखादी जुनी जाहिरात मिळवा आणि शिक्षणाची ओळ वाचा. नाही समजली तर मार्कशीट घेऊन गट ऑफिसात या. मुलालाही सोबत आणा, बोलणे त्याच्याशीच करायचे आहे.