कोळंबीचे कवच आणि तळ्यातील चुना

खाजण जमिनीत कोळंबीची तळी राखणाऱ्या शेतकऱ्यांस मोठ्या पावसानंतर एक धास्ती असते. चेक ट्रे वर काढला की त्यात मऊ कवचाच्या कोळंब्या दिसू लागतात. कात टाकल्यावर नवे कवच कठीण करण्यासाठी कोळंबी पाण्यातील चुना शोषून घेते. पावसाच्या पाण्याने हा चुना विरळ होतो. कवच मऊच राहते आणि अशा दुबळ्या कोळंबीस तिच्याच सोबतिणी खाऊन टाकतात.

अशा वेळी घाईने कळीचा चुना टाकणे घातक होय. त्याने सामू एकदम चढतो आणि पाण्यातील अमोनिया अधिक विषारी बनतो. कळीचा चुना रिकाम्या तळ्याच्या तयारीसाठीच राखावा. भरल्या तळ्यात चुनखडीची बारीक पूड हेक्टरी १०० ते २०० किलो फेकावी. रात्री पाण्यात साठणारा कर्बवायू ती हळूहळू विरघळवितो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत प्रवाळांसाठी चुनखडीच्या नळकांड्यात कर्बवायू सोडतात, त्यामागील तत्त्व हेच.

पूड पारखून घ्यावी. चिमूटभर पुडीवर व्हिनेगर टाकल्यास चुनखडीस फेस येतो. कळीचा चुना पाण्यात तापतो.

सामू पहाटे व दुपारी ३ वाजता मोजावा. तो ७.५ ते ८.५ असावा. दोन वेळांतील फरक ०.५ हून अधिक झाल्यास पूड पुन्हा द्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही दुवेळ नोंद प्रत्येक तळ्यावर सुरू करवावी. कवच मऊ पडण्याआधीच ती इशारा देते.