जुन्या फोर्डचे जोडब्रेक

फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत पायाशी तीन पेडल असतात. उजवे दाबले की गाडी थांबते. मात्र तो ब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्समधील एका ड्रमभोवती पट्टा आवळला जातो आणि ती अडवणूक शाफ्ट, दातेरी चाके व मागचा अ‍ॅक्सल या मार्गाने चाकांपर्यंत पोहोचते. या साखळीतील एक कडी निखळली, की पायाखालचे पेडल निरुपयोगी ठरते. अ‍ॅक्सलमधील बॅबिट धातूच्या चकत्या वयोमानाने भुगा होतात, तेव्हा नेमके हेच घडते. जादा गिअरबॉक्स बसवलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये अडकली, तरीही तेच. हातदांड्याने लागणारे चाकांतील छोटे ब्रेक मुख्यतः उभ्या गाडीसाठीच.

१९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या, तेव्हा बाजारात जोडब्रेक आले नसते तरच नवल! त्यांतील ‘रॉकी माउंटन’ आजही नव्याने मिळतात. मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे हे पट्टे त्याच पेडलला जोडतात. मधला समतोल-दांडा दोन्ही चाकांना सारखा ताण देतो. तो नीट न बसल्यास गाडी एका अंगाला खेचते. पट्टे भिजले तर पकड घटते आणि मागे घरंगळणाऱ्या गाडीला ते पुढच्याइतके धरत नाहीत.

पितळी दिव्यांच्या झिलईवर सढळ हाताने खर्च करणारे शौकीन अ‍ॅक्सल उघडायला मात्र कचरतात. वास्तविक बॅबिट काढून ब्राँझच्या चकत्या घालणे हे पहिले काम, जोडब्रेक त्यानंतर.