संगणक-स्पर्धेतील साधने आणि सातबाऱ्याची कसोटी

बडोद्यानजीकच्या नंदेसरीचा शेतकरी असो वा वर्ध्याकडचा कास्तकार, ‘सातबारा’ हा शब्द दोघांच्याही जिव्हाळ्याचा आहे. १ मे १९६० रोजी गुजरात व महाराष्ट्र ही दोन राज्ये अस्तित्वात आली. तथापि गाव नमुना सात आणि बारा यांची परंपरा दोन्हीकडे कायम राहिली. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना हाती घेतली आणि दप्तरातील नोंदी हळूहळू संगणकात आल्या. अशा नोंदींच्या सुसूत्र साठ्यास ‘डेटाबेस’ म्हणतात. माहिती परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपाने ठेवण्याची पद्धत आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. आजचे बहुतेक शासकीय अभिलेख याच पद्धतीने ठेवले जातात.

स्पर्धेचे स्वरूप

या साठ्यांसाठी आज्ञावली लिहिणारे तरुण घडावेत, यासाठी स्पर्धा उपयुक्त ठरतात. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ ही अशीच एक राष्ट्रीय स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली. शासकीय खात्यांपुढील प्रत्यक्ष समस्या तीत विद्यार्थ्यांना सोडवावयास दिल्या जातात. सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असावी लागते. पहिल्या वर्षीची अंतिम फेरी सलग ३६ तास चालली. इतक्या अल्प अवधीत काम पुरे करावयाचे तर हाताशी चांगली साधने असणे अगत्याचे ठरते.

साधनांचे साहाय्य

सुताराला जशी करवत व रंधा, तशी आज्ञावलीकाराला ही साधने. लेखन-साधन तक्त्यांची नावे सुचविते व लिहिण्यातील चूक तत्काळ दाखविते. दोष-शोधक साधनाने आज्ञावली एकेक पायरी चालवून ती नेमकी कोठे अडते, हे पाहता येते. २००५ साली निर्माण झालेल्या ‘गिट’ या साधनाने सहाही जणांनी केलेले बदल नोंदले जातात व चुकलेला बदल मागे घेता येतो.

शोधाचा आराखडा दाखविणारे साधन तर विशेष मोलाचे आहे. पुस्तकाच्या अखेरीस सूची नसेल, तर एका नावासाठी सारी पाने चाळावी लागतात. संगणकाचेही तसेच होते. दहा लाख नोंदी क्रमवार लावून दर वेळी निम्म्या वगळत गेल्यास हवी ती नोंद सुमारे २० पायऱ्यांत सापडते. सूचीच्या अभावी दहाही लाख नोंदी तपासाव्या लागू शकतात. संगणक यांपैकी कोणत्या मार्गाने जात आहे, हे या साधनावरून कळते.

साधनांची मर्यादा

अलीकडे साध्या भाषेत मागणी सांगितली असता आज्ञावलीचा मसुदा करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. मग माणसाचे काम काय उरले, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका फेरफाराच्या उदाहरणात आहे.

समजा, एका खातेदाराने १ हेक्टर २० आर जमिनीपैकी ४० आर विकली. त्याच्या नावे ८० आर राहावयास हवी व खरेदीदाराच्या नावे ४० आर लागावयास हवी. पहिली नोंद होताच वीज गेली, तर ४० आर जमीन कागदावर कोणाचीच राहणार नाही. म्हणून दोन्ही नोंदी एकत्रच व्हाव्यात, अन्यथा एकही होऊ नये, असा बंध आज्ञावलीत घालावा लागतो. हा बंध पाळण्याची सोय डेटाबेसमध्ये असते. परंतु तो कोठे घालावा, हे व्यवहार जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते. त्याचप्रमाणे ‘श्रीपत’ व ‘श्रीपती’ हा एकच खातेदार की दोन भाऊ, याचा निर्णय साधन देऊ शकत नाही. तो गावचे दप्तर सांभाळणारा कर्मचारी आणि गावकरी यांच्याकडूनच मिळतो.

सारांश, साधन वेळ वाचविते आणि तो वाचलेला वेळ विचारासाठी खर्च झाला पाहिजे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस स्पर्धेसाठी तयार करताना साधनांच्या सरावाबरोबरच गावचा एखादा सातबारा समोर ठेवून तो वाचावयास शिकवावे. अधिकाऱ्यांनी समस्या मांडताना त्यामागील नियमही स्पष्ट करून सांगावेत. स्पर्धेत चूक झाली तर संघाचे गुण जातात. अभिलेखात चूक राहिली तर शेतकऱ्याचे कर्ज अडते आणि वारसांना कचेरीचे हेलपाटे पडतात. हे भान ज्या तरुणाला आले, त्याच्या हाती कोणतेही साधन निर्धास्तपणे द्यावे.